चुलीचा धूर आणि काळजाची उजवी बाजू

माझ्या आजीचे पाय संध्याकाळी सुजायचे. अंगठ्यानं दाबलं की खळगा पडायचा. परड्यातून शेणीची पाटी आणताना तिला दोनदा बसावं लागायचं. सगळे म्हणायचे, वय झालं. आजीनं तेव्हा साठी गाठली नव्हती. मिसरी लावायची, पण विडी कधी ओढली नाही. दुखणं काय होतं, याचा अंदाज मला फार उशिरा आला, एका डॉक्टर बाईंच्या कामाबद्दल वाचताना. आज त्यांचीच गोष्ट.

डॉ. एस. पद्मावती यांचा जन्म १९१७ चा, ब्रह्मदेशातला. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा आल्या तेव्हा आई-बहिणींसोबत त्या भारतात आल्या. पुढं लंडन आणि अमेरिकेत हृदयरोगाचं शिक्षण घेऊन १९५३ साली दिल्लीच्या लेडी हार्डिंग या मुलींच्या मेडिकल कॉलेजात शिकवायला लागल्या. सुजलेले पाय, निळसर ओठ आणि धाप असलेले रुग्ण त्यांनी नीट मोजले. हृदयाची उजवी बाजू फुगून थकण्याचा हा आजार. १९५९ साली दिल्लीतल्या अशा १२७ रुग्णांचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्यासोबत छापला.

विलायतेत हा आजार मुख्यतः पुरुषांचा मानायचे. दिल्लीत मात्र बायका जवळजवळ पुरुषांइतक्याच निघाल्या. पुरुषांत शंभरातले पाऊणशे धूम्रपान करणारे, बायकांत जेमतेम दहा. मग बायकांच्या छातीत धूर आला कुठून? उत्तर घरातच होतं: लहानपणापासून चुलीपुढं बसणं, शेणी आणि लाकडाचा धूर.

पण धूर जातो फुप्फुसात, मग हृदय का थकतं? याचा धागा १९४६ साली स्वीडनमध्ये सापडला होता. फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या दोघांनी मांजरांना कमी प्राणवायूची हवा दिली, तर फुप्फुसाकडं जाणाऱ्या रक्ताचा दाब वाढला. बाकी शरीरात प्राणवायू कमी पडला की शिरा रुंदावतात. फुप्फुसात उलटं, त्या आवळतात.

यात शहाणपण आहे. उसाला पाणी पाजताना भिजलेल्या सरीचं तोंड आपण मातीनं बंद करतो आणि पाणी पुढच्या सरीला वळवतो. फुप्फुसाच्या ज्या कोपऱ्यात हवा पोचत नाही, तिथली शीर आवळते आणि रक्त चांगल्या हवेच्या भागाकडं वळतं. पण सगळ्याच सऱ्यांची तोंडं बंद झाली आणि मोटार चालूच राहिली तर? वर्षानुवर्षं धुरानं हवेच्या नळ्या सुजतात, हवेच्या पिशव्या फाटतात, प्राणवायू सगळीकडंच कमी पडतो. शिरा आवळलेल्याच राहतात, त्यांच्या भिंती जाड होतात. मोटार म्हणजे हृदयाचा उजवा कप्पा. तो जोर लावून लावून आधी जाड होतो, मग फुगतो, मग दमतो. मागं रक्त तुंबतं आणि पायांवर सूज येते. आजीच्या पायातला खळगा अंगठ्यानं पडत होता, पण त्याचं मूळ बहुतेक छातीत होतं.

आपल्या जिल्ह्यात फौजींची घरं पुष्कळ, म्हणून एक आठवण. १९६२ च्या चीन युद्धात जवानांना घाईनं हिमालयाच्या उंचीवर नेलं. तिथं हवाच विरळ. काहींच्या फुप्फुसातल्या शिरा इतक्या आवळल्या की दाबानं पाणी पाझरून फुप्फुसात उतरलं. डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांची माहिती १९६९ साली छापली. आता जवानाला टप्प्याटप्प्यानं, मुक्काम करत वर चढवतात. जवानांसाठी नियम झाला. चुलीपुढच्या बाईसाठी काय झालं?

झालं, पण रडतखडत. १९८०च्या दशकात सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम आला. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेनं कमी धुराच्या चुली तयार केल्या. आमच्याकडं आलेल्या चुलीचं धुराडं दोन पावसाळ्यांत गंजलं. त्यानंतर तिचा धूर पुन्हा घरातच. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली. गटातल्या बऱ्याच घरी सिलिंडर आहे, पण तो चहाला आणि पाहुण्यांना. भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच. गॅसची भाकरी सासऱ्यांना लागत नाही, हेही कारण ऐकते. मला ते पटत नाही, पण टाकी भरायचे पैसे मोजताना बाईचा हात का आखडतो, ते मला कळतं.

डॉ. पद्मावती २०२० साली वयाच्या १०३ व्या वर्षी कोरोनानं गेल्या. त्याच साथीत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आपल्या गावागावात आलं. आपल्या आशाताईंकडं ते असेल, तर धाप लागणाऱ्या, पाय सुजणाऱ्या बाईला घेऊन जा. आकडा ९५ च्या खाली येत राहिला तर डॉक्टरांकडं जा, आणि आकडा बरा असला तरी धाप-सूज असेल तर जाच. ते विचारतील, विडी ओढता का? नाही म्हणून गप्प बसू नका. किती वर्षं चुलीपुढं बसलात, तेही सांगा.