न्यास, प्रन्यास आणि बरखास्ती

एखादं सरकारी मंडळ बंद व्हायचं ठरलं की वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘प्राधिकरण गुंडाळणार’. त्यामागे ‘गाशा गुंडाळणे’ हा वाक्प्रचार आहे. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड. शब्द फारसीमार्गे आला. स्वाराने तो गुंडाळला की मुक्काम हलला, मागे काही राहिलं नाही. दुकान, सर्कस, फडावरचा तमाशा यांना हे शोभतं. शहर सुधारायला नेमलेल्या संस्थेला मात्र हा शब्द लावू नये असं मला फार वाटतं, आणि कारण त्या संस्थेच्या नावातच आहे.

नागपूर सुधार प्रन्यास. १९३६च्या कायद्याने आलेली ही संस्था नागपूरकरांच्या तोंडी ‘नासुप्र’ किंवा सरळ ‘एनआयटी’, म्हणजे नागपूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. ‘प्रन्यास’मधला ‘न्यास’ नि आणि अस् यांपासून झाला. हा अस् ‘असणे’वाला नव्हे, ‘टाकणे, ठेवणे’ या अर्थाचा. म्हणून न्यास म्हणजे खाली ठेवलेली, दुसऱ्याच्या हवाली केलेली वस्तू. धर्मशास्त्रात ठेवीच्या व्यवहारात न्यास आणि निक्षेप हे शब्द येतात, आणि नियम स्पष्ट आहे: ठेव ठेवणाऱ्याला परत द्यायची. गंमत अशी की त्याच न्यासाला ‘सं’ लागला की संन्यास होतो, सगळं टाकून देणं. ‘वि’ लागला की विन्यास, म्हणजे मांडणी. नगररचनेच्या कामात हे तिन्ही अर्थ लागतात: जमीन हवाली घ्यायची, रस्ते-भूखंड मांडायचे आणि एक दिवस हातातलं सोडायचं.

त्या सोडण्याची सोय कायद्यात आधीच लिहून ठेवलेली असते. अशा ट्रस्टांच्या कायद्यांत शेवटाकडे एक कलम असतं: ट्रस्ट विसर्जित झाल्यावर मालमत्ता आणि देणी नगरपालिकेकडे जातील. ठेवीची परतफेडच ती.

मुंबईत हे घडून गेलं आहे. १८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, लोकांच्या तोंडी ‘बीआयटी’, स्थापन झाला. दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले, दादर-माटुंग्याचे भूखंड आखले, कष्टकऱ्यांसाठी चाळी बांधल्या. १९३३मध्ये ट्रस्ट महापालिकेत गेला. परळच्या ज्या चाळीत बाबासाहेब आंबेडकर १९१२पासून दोन दशकांहून अधिक काळ राहिले तिला लोक अजून ‘बीआयटी चाळ’च म्हणतात, मालक महापालिका असली तरी. आणि पालिकेच्या वैधानिक समित्यांत ‘सुधार समिती’ आहे, तिचं नाव त्याच ‘इम्प्रूव्हमेंट’चं. भाडेपट्ट्याचे विषय तिच्यापुढे येतात.

म्हणून मला ‘बरखास्त’ हा शब्द जवळचा वाटतो. आज त्याला दरारा आला आहे, विधानसभा बरखास्त, मंडळ बरखास्त. मुळात फारसी ‘बर’ म्हणजे वर आणि ‘खास्तन’ म्हणजे उठणं. दरबार बरखास्त झाला, म्हणजे मंडळी उठली. कारभार संपला असं त्यात कुठेच नाही. उद्या तो दुसऱ्या दिवाणखान्यात भरू शकतो. सहकारी बँकांमुळे ओळखीचा झालेला ‘अवसायन’ याच्या अगदी उलट. तो ‘अवसान’चा सख्खा भाऊ, शेवट सांगणारा. अवसायक येतो तो देणी भागवून दार लावायला. ट्रस्टाच्या बाबतीत हा शब्द कोणी वापरू लागलं तर रहिवाशाने जरूर घाबरावं.

नागपूरकरांनी या शब्दांचा फरक अंगावर झेलला आहे. २०१९मध्ये मंत्रिमंडळाने नासुप्र बरखास्त करायला मंजुरी दिली, २०२१मध्ये निर्णय फिरला. मधल्या काळात ज्याचा प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेल्या ले-आउटमधला, त्याचा प्रश्न साधा होता: शुल्काची डिमांड नोट कुठे भरायची आणि आरएल कोण देणार, नासुप्र की मनपा? आरएल म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र. ते हाती नसेल तर बांधकामाचा नकाशा मंजूर होणं आणि बँकेचं कर्ज, दोन्ही अडतं. अशा ले-आउटच्या गटांची ‘५७२’ आणि ‘१९००’ ही नावं नागपुरात पत्त्यासारखी बोलली जातात, त्या वस्त्यांतल्या माणसाला ‘गुंडाळणार’ हा मथळा वाचून काय वाटलं असेल? त्याची ठेव कोणाकडे सोपवली, कोणत्या तारखेला, आणि फाईल कोणत्या टेबलावर गेली, एवढं बातमीच्या पहिल्याच ओळीत यायला हवं होतं.