जुने स्पिंडल, नवी हत्यारे

जुन्या मिलिंग मशीनचे भवितव्य पुष्कळदा त्याच्या स्पिंडलमधील एका निमुळत्या छिद्राने ठरते.

अमेरिकेत जोसेफ ब्राउन यांनी १८६२ मध्ये युनिव्हर्सल मिलिंग मशीन घडवले. त्यांच्या ब्राउन अँड शार्प कंपनीचा टेपर पुढे रूढ झाला: लांबीच्या दर फुटास व्यासात अर्ध्या इंचाचा फरक. इतका सौम्य टेपर घर्षणानेच हत्यार धरून ठेवतो. काढताना मात्र हातोडी लागते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तेथील कारखानदारांनी फुटास साडेतीन इंचांचा तीव्र टेपर प्रमाण मानला. तो सहज सुटतो. हत्यार धरण्याचे काम ड्रॉबारकडे गेले, फिरवण्याचे स्पिंडलच्या तोंडावरील चाव्यांकडे.

जुने हत्यार नव्या यंत्रात बसवण्यास मधे एक स्लीव्ह पुरते. उलट प्रवास कठीण. नव्या ४० क्रमांकाच्या टेपरचे तोंड ४४.४५ मिमी, जुन्या ९ क्रमांकाचे जेमतेम २७. स्पिंडल पोखरावे तर भिंत उरत नाही. अडॅप्टर बाहेर काढावा तर हत्यार लांब लोंबते आणि काप थरथरतो. म्हणून जाणता कारागीर स्पिंडलला हात लावत नाही. जुन्याच टेपरचा कॉलेट-धारक तो कातून घेतो आणि त्यात सरळ दांड्याचे नवे कटर पकडतो. ड्रॉबारचे आटे तेवढे आधी मोजावे लागतात; तेही जुन्याच मापाचे असतात.