पटावर नसलेली नावे : विशेष बालकांच्या शिक्षणाचा आपल्या प्रांतातील इतिहास

महोत्सवी स्मरणिकेत देवळाच्या पायाभरणीचा वृत्तांत यावा, धर्मगुरूंची नामावली यावी, उपकारकर्त्यांचे आभार मानले जावेत, हे सर्व यथायोग्यच होय. परंतु एक इतिहास अशा पुस्तिकांतून बहुधा निसटतो. कोणत्याही जुन्या धर्मग्रामाची बाप्तिस्म्याची वही आणि त्याच गावच्या प्राथमिक शाळेचा पट शेजारी ठेवला, तर दोहोंतील नावे सारखी भरत नाहीत. काही बालके अकाली देवाघरी गेली, काही कुटुंबे गाव सोडून गेली; आणि काही मुले घरातच राहिली, कारण त्यांस ऐकू येत नसे, दिसत नसे, अथवा गुरुजींनी दहादा सांगितलेले त्यांच्या ध्यानी राहत नसे. या शेवटच्या मुलांविषयी येथे लिहावयाचे योजिले आहे.

प्रथम अभिमानाची गोष्ट सांगतो. हिंदुस्थानातील कर्णबधिर मुलांची पहिली शाळा मुंबईत निघाली आणि ती एका कॅथलिक बिशपांनी काढली. बर्लिन शहरी जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू डॉ. लिओ म्यूरिन हे १८६७ पासून मुंबईचे व्हिकर अपोस्तोलिक होते. त्यांनी १८८५ च्या सुमारास ‘बॉम्बे इन्स्टिट्यूशन फॉर डेफ अँड म्यूट्स’ ही संस्था स्थापिली. तिचे नाव पुढे माझगावाशी जोडले गेले. कलकत्त्याची अशी शाळा त्यानंतर, १८९३ साली निघाली. संस्थेच्या नावातील ‘मूक’ हा शब्द त्या काळचा आहे. बहुधा असे मूल मुके नसते. शब्द कानी न पडल्यामुळे त्यास बोलता येत नाही, इतकेच. म्यूरिन १८८७ मध्ये मॉरिशस बेटावर गेले व तेथेच १८९५ साली निवर्तले.

परंतु माझगावच्या शाळेचा लाभ आपल्या बाजूच्या मुलांस कितपत मिळणार? मुंबईस जाणारा लोहमार्ग १८६४ पासून आपल्या परिसरातून गेला होता खरा. पण मार्ग असणे निराळे आणि लेकरू दूर वसतीस ठेवणे निराळे. त्यात अधिकारक्षेत्राचा घोळ होता. साष्टीतील बहुतेक जुनी देवळे पोर्तुगीज पद्रोआदोच्या सत्तेखाली होती. १८८६ मध्ये ती नव्या दमण धर्मप्रांतात गेली आणि तो प्रांत १९२८ साली विसर्जित झाल्यावर मुंबईच्या आर्चबिशपांच्या छत्राखाली आली. अर्थात ज्या बिशपांनी शाळा काढली, ते येथील बहुतेक गावांचे बिशप नव्हतेच. शिवाय मिठागरात मीठ ओढण्यास वा भात लावण्यास कान लागत नाहीत, असा घरोघरचा हिशेब असे. तो निर्दय नव्हता, गरिबीचा होता.

शिकविण्याच्या पद्धतीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. अठराव्या शतकात पॅरिस येथे आबे द लेपे या धर्मगुरूंस दोन बधिर भगिनी भेटल्या. धर्मज्ञानावाचून त्यांचे आयुष्य सरू नये म्हणून त्यांनी हातांच्या खुणांनी त्यांस शिकविण्यास आरंभ केला, आणि त्यांतून १७६० च्या सुमारास त्यांची शाळा उभी राहिली. असे असता १८८० मध्ये मिलान येथील शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणांची भाषा काढून टाकावी व केवळ ओठांवरून बोलणे शिकवावे, असा ठराव केला. त्या परिषदेचे अध्यक्ष जूलिओ तार्रा हेही आपल्यापैकी, म्हणजे धर्मगुरूच होते. हेतू चांगला असेल, तथापि परिणाम वाईट झाला. पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे हात बांधले गेले. २०१० मध्ये व्हँकूवर येथे भरलेल्या त्याच परंपरेच्या परिषदेने ते ठराव झिडकारून खेद व्यक्त केला. भारतात सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी केंद्र सरकारची संस्था दिल्लीस निघाली ती २०१५ साली.

इतर मुलांचा वृत्तांत थोडक्यात असा. अंधांसाठी ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ साली निघाली. बुद्धीची वाढ मंद असलेल्यांसाठी जय वकील शाळा १९४४ साली आली. सर्व मुंबईतच.

ज्यास प्रश्नोत्तरे पाठ होत नाहीत, त्या मुलास प्रथम ख्रिस्तप्रसाद द्यावा की न द्यावा, हा प्रश्न मात्र प्रत्येक गावी आजही उभा राहतो. आई सांजवेळी मुलास घेऊन धर्मगुरूंच्या घरी येते आणि उंबऱ्याशीच थबकते. ती काय विचारणार हे तिच्या तोंडावरच दिसते. याचे उत्तर पोप दहावे पायस यांनी ८ ऑगस्ट १९१० च्या आज्ञापत्रात बरेचसे देऊन ठेविले आहे. धर्मतत्त्वांचे पूर्ण ज्ञान असल्यावाचून बालकास वेदीपासून दूर ठेवावे, ही रीत त्यांनी मोडून काढली. नेहमीची भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यांतील भेद मुलाने आपल्या शक्तीनुसार ओळखावा, एवढीच त्यांची मुख्य अपेक्षा होती. पाठांतराची परीक्षा लावून मुलास परत पाठविणाऱ्यांनी हे पत्र पुन्हा वाचावे, असे मला वाटते. १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम ७७७ याहून पुढे जाते. शरीराने वा बुद्धीने अधू असलेल्यांस, त्यांच्या स्थितीस झेपेल तितके, धर्मशिक्षण मिळेल हे पाहण्याची जबाबदारी तेथे धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूवर टाकली आहे.

नवघर हे एके काळी शेते व मिठागरे यांमधले गाव. १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली, आणि आज भाईंदर पूर्वेच्या इमारतींत गावठाण शोधावे लागते. शाळा आता पायरीशी आली. मग अडते कोठे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कक्षेतून अल्पसंख्याकांच्या शाळांस सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वगळले. त्याचा आधार घेऊन आपल्या काही शाळाचालकांनी निश्चिंत व्हावे, हे शोभत नाही आणि पुरतेही नाही. कारण २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा सरकारी अनुदान वा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेस भेदभावावाचून प्रवेश देण्यास सांगतो. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार असून अध्ययन अक्षमताही आहे. हुशार असूनही अक्षरांची उलटापालट करणाऱ्या ज्या मुलास आपले गुरुजी ‘ढ’ म्हणून शेवटच्या बाकावर बसवीत, ते मूल हेच. परीक्षेत त्यास अधिक वेळ व लेखनिक मिळू शकतो, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट मिळू शकते. अपंगत्व ४० टक्के वा अधिक असल्याचा दाखला असलेल्या मुलास सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत, जवळच्या शाळेत अथवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत, विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. बहुतेक आईबापांस हे कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून घरांस आशीर्वाद देण्यास येणाऱ्या धर्मगुरूंस पालकांनी आतल्या खोलीत बसविलेले मूल बाहेर आणून दाखवावे, त्याचे नाव व वय सांगावे. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याची जागा पुढच्या बाकावर, शिक्षिकेचे ओठ व हात दोन्ही दिसतील अशी असावी. आणि जूनमध्ये शाळेने प्रवेश नाकारल्यास तो लेखी नाकारावा, असा आग्रह पालकांनी धरावा.