बॉल अजगर : रंगप्रकारांची पैदास व व्यापार

पश्चिम व मध्य आफ्रिकेतील गवताळ प्रदेशांत आणि विरळ वनांत आढळणारा, अजगर कुलातील एक लहान बिनविषारी साप. शास्त्रीय नाव पायथन रेजियस. जॉर्ज शॉ या इंग्रज प्रकृतिवैज्ञानिकांनी १८०२ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. भय वाटल्यास हा साप अंगाचे घट्ट वेटोळे करून डोके मध्यभागी लपवितो व चेंडूसारखा दिसू लागतो, त्यावरून त्याला ‘बॉल’ हे नाव पडले. त्याची लांबी सामान्यतः ९०–१५० सेंमी. असते. काळसर तपकिरी अंगावर फिकट पिवळसर तपकिरी ठिपके, हा त्याचा निसर्गातील वर्ण होय. शांत स्वभाव आणि आटोपशीर आकार यांमुळे अमेरिकेत व यूरोपात तो पाळीव प्राणी म्हणून लोकप्रिय झाला; परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्याभोवती जो मोठा व्यापार उभा राहिला, त्याचे कारण त्याच्या वर्णातील आनुवंशिक विकृती हे आहे.

अशा व्यापाराचा पूर्वपाठ कॉर्न स्नेक या उत्तर अमेरिकी सापाने घालून दिला होता. १९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात मेलॅनीन हे काळे रंजकद्रव्य नसलेला एक कॉर्न स्नेक सापडला. बर्नार्ड बेकटेल या वैद्यकाने त्यापासून पैदास करून हे लक्षण मेंडेल यांच्या नियमांनुसार अप्रभावी असल्याचे दाखविले. बॉल अजगराच्या बाबतीत हेच काम अमेरिकी पैदासकार बॉब क्लार्क यांनी केले. आफ्रिकेतून आलेल्या एका विवर्ण बॉल अजगरापासून त्यांनी १९९२ मध्ये बंदिवासात विवर्ण पिले मिळविली. पांढरे अंग, पिवळे ठिपके आणि लाल डोळे असलेल्या या सापांना हजारो डॉलर किंमत येऊ लागली. त्यानंतर १९९७ मध्ये अंगाचा मोठा भाग शुभ्र असलेला ‘पायबाल्ड’ हा प्रकारही आनुवंशिक असल्याचे सिद्ध झाले आणि नव्या प्रकारांचा शोध सुरू झाला.

या बाजाराचे वैशिष्ट्य असे, की त्यात पुष्कळदा डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीची विक्री होते. अप्रभावी जनुकाची एकच प्रत असलेला वाहक साप दिसावयास साधाच असतो. दोन वाहकांच्या संकरातून सरासरीने चार पिलांत एक रंगीत निपजते. उरलेल्या तिघांपैकी दोन वाहक असतात, परंतु ते कोणते हे पाहून सांगता येत नाही. म्हणून तिन्ही पिले ‘६६ टक्के वाहक’ अशा वर्णनाने विकली जातात. खरेदीदार वस्तुतः एक संभाव्यता विकत घेतो, आणि विक्रेत्याच्या शब्दावाचून तिला अन्य आधार नसतो. मादी प्रौढ होण्यास सुमारे तीन वर्षे लागतात, ती एका विणीत बहुधा ३ ते ११ अंडी घालते, आणि रंगीत पिलू निपजेल तेव्हाच दावा खरा ठरतो. अलीकडे कातीवरून जनुकपरीक्षा करता येऊ लागल्याने ही अनिश्चितता काहीशी कमी झाली आहे.

एवढ्या कालावधीत भाव स्थिर राहत नाही. दुर्मिळता ही या मालाची किंमत असते आणि पैदास म्हणजे तीच दुर्मिळता घटविण्याचा उद्योग होय. प्रत्येक खरेदीदार पुढे विक्रेता होतो. एके काळी हजारो डॉलरांना मिळणारा विवर्ण साप पुढे काही शेकडा डॉलरांत, क्वचित त्याहूनही स्वस्त मिळू लागला. त्यामुळे पैदासकार दोन, तीन वा अधिक लक्षणे एकाच सापात आणण्याकडे वळले. दोन अप्रभावी लक्षणांचे वाहक एकत्र आणल्यास अपेक्षित पिलू सोळांत एक, तीन लक्षणांसाठी चौसष्टांत एक मिळते. बाकीच्या पिलांना फारशी किंमत नसते. ती मात्र बंदिवासात वीस-तीस वर्षे जगू शकतात.

‘स्पायडर’ या प्रकारात या स्पर्धेचे मोल प्राण्याच्या शरीरानेच चुकते केले. १९९९ मध्ये अमेरिकेत आलेल्या एका सापापासून हा वंश वाढला. अंगावरील जाळीदार नक्षी हे त्याचे आकर्षण; परंतु त्याबरोबर डोके डोलणे, तोल जाणे, भक्ष्यावरचा नेम चुकणे हे दोषही येतात. साप खातो व वितो, म्हणजे तो सुखी आहे, असा युक्तिवाद पैदासकारांनी दीर्घकाळ केला; तो टिकणारा नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या सापांच्या अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका व लघुकोश विकृत असल्याचे आढळले. दोष आणि नक्षी एकाच जनुकाशी निगडित असल्याने निवडक संकराने ती वेगळी करता आलेली नाहीत. इंग्लंडमधील इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने २०१८ मध्ये आपल्या मेळाव्यांत या प्रकाराची विक्री बंद केली.

बहुतेक मूळ उत्परिवर्ती साप पैदासगृहांत निर्माण झाले नाहीत, ते आफ्रिकेतून आले. टोगो, बेनिन व घाना येथील शिकारी कृंतकांची बिळे खणून गाभण माद्या आणि अंडी गोळा करतात. अंडी केंद्रांत उबवून पिले निर्यात केली जातात. १९७५ नंतर पश्चिम आफ्रिकेतून तीस लाखांहून अधिक जिवंत बॉल अजगर बाहेर गेले. त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या टोगोतून. एवढ्या मोठ्या संख्येतूनच विचित्र रंगाची तुरळक पिले हाती लागली. याच किनाऱ्यावर, बेनिनमधील वीदा येथे, या सापाचे देवालय असून तेथील लोक त्याला मारणे पाप मानतात. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारात त्याचा समावेश परिशिष्ट २ मध्ये आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या २०२१ च्या मूल्यमापनात तो ‘संकटसमीप’ गटात आहे.

भारतात हा साप निसर्गतः आढळत नाही, तथापि हौशी लोकांसाठी तो चोरून आणला जातो. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, बिस्किटांच्या व केकच्या पुड्यांत दडविलेले नऊ बॉल अजगर व दोन कॉर्न स्नेक सापडले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने अशा परदेशी प्राण्यांची व त्यांच्या पिलांची नोंदणी धारकावर बंधनकारक करण्यात आली.