नागिणीचा सूर आणि चौकोनी लहर

तुमसर तालुक्यातील सिहोऱ्यात काय किंवा अन्य कोठे काय, लग्नाची वरात निघाली की एक धून हमखास वाजते. नाचणाऱ्यांपैकी एकजण हातरुमालाचे टोक दातांत धरून गारुडी होतो, दुसरा धुळीत लोळून नागीण होतो. ह्या धुनेला आपण सारे पुंगीची धून म्हणतो. वस्तुतः ती पुंगीवर वाजलेलीच नव्हती.

१९५४ साली फिल्मिस्तानचा ‘नागिन’ आला. संगीत हेमंतकुमारांचे. त्यातील बीनचे सूर कल्याणजी वीरजी शहा यांनी क्लॅव्हियोलिन नावाच्या विद्युत्-वाद्यावर काढले. सोबत रवी यांची पेटी होती. कल्याणजी मूळचे कच्छी, पण वाढले गिरगावात. पुढे ‘कल्याणजी-आनंदजी’ जोडीतले ते हेच. क्लॅव्हियोलिन १९४७ च्या सुमारास फ्रान्समध्ये कॉन्स्तां मार्तँ यांनी सिद्ध केले होते. एका वेळी एकच सूर देणाऱ्या ह्या छोट्या कळपट्टीत भाता नव्हता, की पात नव्हती. निर्वात-नलिकांचे एक दोलक-मंडल, आणि त्याचा आवाज गाळून घडवणाऱ्या काही कळी.

मग ते लाखो कानांना खरे का वाटले? ह्या मंडलातून निघणारी लहर चौकोनी वळणाची असते. शुद्ध चौकोनी लहरीत मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे विषम उपस्वर तेवढे असतात. पुंगीच्या भोपळ्याखाली पात बसवलेल्या सरळ नळ्या असतात, आणि पातीच्या बाजूने बंद असलेली सरळ नळीही विषम उपस्वरांनाच बळ देते. फरक उरला तो श्वासाचा. साहित्याच्या पानावर हे गणित कशाला, असे कोणी विचारील. परंतु ‘मातीतला सूर’ हा शब्दप्रयोग आपल्या समीक्षेत फार सैलपणे वापरला जातो, आणि आज पुंगीची परीक्षा ह्या मंडलाच्या आवाजावरून होते, हे आम्हांस दुर्लक्षणीय वाटत नाही.

असे मंडल घरी बांधू पाहणाऱ्याची खरी अडचण आवाज काढण्याची नसते, तो टिकवण्याची असते. दोलकाची कंपनसंख्या रोधक आणि धारित्र ह्यांच्या गुणाकारावर ठरते. सोनेरी पट्ट्याच्या रोधकात पाच टक्क्यांची चूक मान्य असते, म्हणजे जवळजवळ अर्धा सूर! ही चूक निदान बदलता रोधक फिरवून काढता येते. तापमानाने होणारी घसरण मात्र वाजवता वाजवता होते. आपल्या परंपरेतील प्रमाणश्रुती ८१/८० ह्या गुणोत्तराची, अर्थात सव्वा टक्क्याची. वैदर्भीय उन्हाळ्यात स्वस्त सिरॅमिक धारित्र एवढे सहज हलते. पॉलिस्टरचे त्याहून पुष्कळ बरे.

विजेच्या दाबातील चढउतार हा दुसरा शत्रू. त्यावर उत्तम तोड निघाली ती हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये आखलेल्या ५५५ क्रमांकाच्या चिपमध्ये. तीत धारित्रावरील दाब पुरवठ्याच्या एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश ह्या मर्यादांमध्ये वरखाली होतो. पुरवठा घटला की दोन्ही मर्यादा त्याच प्रमाणात घटतात, म्हणून सूर जवळपास जागीच राहतो. हौशी वाद्यकारांनी तिला डोक्यावर घेतले ते उगीच नव्हे.

गंमत अशी की १९४० मध्ये नभोवाणीने पेटीला बंदी केली, ती सूर जखडलेला आहे म्हणून. ती बंदी तीस वर्षे टिकली. इकडे मंडल बांधणाऱ्याची सारी धडपड सूर जखडण्याची! आणि क्लॅव्हियोलिनच्या कर्त्याने तर स्थिर सुराला मुद्दाम थरथरवणाऱ्या कळी बसवल्या होत्या. त्यांच्याविना ते वाद्य कारखान्याच्या भोंग्यासारखे वाटले असते.

आजच्या कीबोर्डातील सूर स्फटिकाच्या ठोक्यावर चालतो. तो उन्हाने हलत नाही, विजेने हलत नाही. म्हणून नागिणीची धून घोळवायची झाली की वादकाचा उजवा हात कळांवर असतो आणि डावा सूर वाकवणाऱ्या चाकावर.