पहिली पाळी कुणाची?

आमच्या मोर्शीजवळ सिंभोऱ्याला वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. त्याच्या जलाशयाचे नाव नल-दमयंती सागर. दमयंती ही विदर्भाची राजकन्या आणि नल हा द्यूतात राज्य गमावलेला राजा. नल हरला एवढे आपल्याला ठाऊक असते. पण ऋतुपर्ण राजाकडून तो पुढे फाशांची विद्या शिकला, पुन्हा खेळायला बसला आणि राज्य परत मिळवले. खेळाचे आतले नियम कळले की हरलेल्याचाही डाव सावरतो.

ही कथा मला आठवली ती नातवामुळे. मुलीचा मुलगा, वय वर्षे नऊ, सुट्टीत अकोल्याहून आला होता. तो बोलताना अडखळतो. शब्द डोक्यात तयार असतो, ओठांवर यायला वेळ लागतो. तेवढ्यात दुसरा कुणी बोलून मोकळा होतो. उत्तर येत असूनही वर्गात हात वर करणे त्याने सोडून दिले आहे. मामाने दुबईहून आणलेल्या यंत्रावर तो दिवसभर पोकेमॉन खेळत होता. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "मला शिकव. घाई नाही."

हा खेळ १९९६ साली जपानमध्ये निघाला. यात राक्षसासारखे चित्रविचित्र प्राणी पाळायचे आणि एकमेकांशी लढवायचे. दोन्ही खेळाडू आपापली चाल गुपचूप निवडतात. मग आधी वार कुणाचा, हे खेळ ठरवतो. प्रत्येक प्राण्याच्या वेगाला एक आकडा असतो. ज्याचा आकडा मोठा, तो पहिला. आकडे सारखे असतील तर नशिबाचा कौल. पण काही चालींना वेगाच्याही वरचा मान असतो. क्विक अटॅक हा तसा साधाच वार. पण तो निवडला की मंद प्राणीसुद्धा चपळाच्या आधी हात उगारतो.

२००२ साली या प्राण्यांना अंगभूत गुण मिळाले आणि खरी गंमत सुरू झाली. क्लोरोफिल हा गुण असला की कडक उन्हात वेग दुप्पट होतो. स्विफ्ट स्विम असला की पावसात. २०१० साली प्रँकस्टर आला. हा गुण असलेल्याची खोडी, म्हणजे थेट इजा न करणारी चाल, आधी लागू होते. २०१३ साली गेल विंग्ज आला आणि उडत्या चालींना पहिला मान मिळाला. तो इतका वरचढ ठरला की २०१६ साली खेळ करणाऱ्यांनी त्याला वेसण घातली: अंगात पूर्ण ताकद असेपर्यंतच हा मान, एक ओरखडा उठला की गेला. एकच जण सारखा पुढे राहू लागला तर नियम बदलावा लागतो, हे त्या मंडळींना कळले.

ऐकताना मला गंजिफा आठवत होता. गोल पत्त्यांचा हा खेळ बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मोगली गंजिफ्यात ९६ पाने. दिवसा खेळायला बसले तर सुर्ख रंगाचा मीर ज्याच्याकडे, तो सुरुवात करतो. रात्री तो मान सफेदच्या मीराला. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पाने. तिथे दिवसा राम, रात्री कृष्ण. रामाचा जन्म भर दुपारचा, कृष्णाचा मध्यरात्रीचा. मला ही वाटणी फार गोड वाटते. ऊन पडले की एकाचा वेग वाढावा आणि पावसात दुसऱ्याचा, हा हिशेब आपल्याकडचे लोक शतकांपूर्वी पत्त्यांवर मांडत होते. इतकेच नाही, मोगली गंजिफ्यातल्या आठपैकी चार रंगांत दहाची पान भारी, तर उरलेल्या चारांत क्रम उलटा. तिथे एक्का दहाला मारतो.

हा उलटा क्रम नातवाच्या खेळातही निघाला. त्याचा लाडका प्राणी टॉरकोल, धूर सोडणारे एक कासव. वेगाचा मूळ आकडा फक्त २०. मी म्हटले, "अरे, हे तर सगळ्यांच्या मागे राहील." तो हसला आणि त्याने ट्रिक रूम नावाची चाल दाखवली. २००६ पासून ती खेळात आहे. ती लावली की पाच फेऱ्या सगळे उलटते. "नाना, आता जो हळू, थो पयले," तो म्हणाला. हे वाक्य बोलताना तो अडखळला नाही. कासवाने खरोखरच सगळ्यांच्या आधी आग ओकली.

पण ट्रिक रूम कासवाला स्वतःला लावता येत नाही. ती जोडीदाराने लावायची. आणि ती लावणाऱ्याची पाळी अगदी शेवटी येते. तोपर्यंत समोरच्यांचे वार सोसून त्याला उभे राहावे लागते.

हे ऐकून मी गप्प झालो. मुशायऱ्यात नवखे आधी वाचतात, बुजुर्ग शेवटी. ज्याची पाळी, त्याच्यासमोर शमा ठेवायची जुनी रीत. आमच्या कविसंमेलनांतही पहिला क्रमांक नवख्याच्याच वाट्याला येतो, कारण तेव्हा लोक सतरंजीवर जागा शोधत असतात आणि कविता त्या गलक्यात बुडते. विशीत असताना माझी पहिली पाळी अशीच आली होती. हातातला कागद थरथरत होता. शेजारचे एक वयस्क कवी हळूच म्हणाले, "आधी मी वाचतो. माणसं बसली की तू ऊठ." त्यांची चांगली कविता त्या दिवशी कुणीच ऐकली नाही. माझी ऐकली.

त्या रात्री जेवताना नातू काहीतरी सांगू लागला आणि अडकला. सवयीने त्याची बहीण वाक्य पुरे करायला निघाली. मी हात वर केला. "थांब. ट्रिक रूम लागली आहे. पाच फेऱ्या कुणी मध्ये बोलायचं नाही."

सगळे थांबले. त्याची नानीसुद्धा पोळी हातात धरून थांबली. त्याने सावकाश, एकेक शब्द जुळवत वाक्य पुरे केले, "सालनात मीठ कमी आहे."

आणि ते खरेच कमी होते.