किल्लारीनंतरचे भजन

श्वास, चाल, गळा आणि मन ही एकमेकांत गुंतलेली असतात व उपचार त्या सर्वांवर एकदम करावयास हवा, असे सांगणारे पुष्कळ वर्ग हल्ली शहरांतून निघाले आहेत. कोणी हातातून ऊर्जा देतो म्हणतो, कोणी नाचावयास लावतो, कोणी चित्रे काढावयास बसवितो. हातातून वाहणारी ती ऊर्जा अजून कोणत्या यंत्रावर मोजली गेलेली नाही. श्वासाची गोष्ट निराळी. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम काढले, तेच मुळी योगक्रिया प्रयोगशाळेच्या कसोटीस लावण्यासाठी. मला मात्र आज घरचीच हकीकत सांगावयाची आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा. गणपती बोळवून माणसे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद हे जिल्हे हादरले. आपल्याकडची जुनी घरे माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे ओझे. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छप्पर झोपलेल्यांच्या अंगावर आले. सुमारे १०,००० माणसे गेली.

मी नांदेडचा, पण त्या वर्षी लातूरच्या आडत बाजारात हमालांची संघटना बांधीत होतो. हमालांबरोबर धान्याची पोती घेऊन गेलो आणि नुकसानभरपाईच्या याद्या करावयास तेथेच राहिलो. संध्याकाळी सभा बोलवावी तर माणसे नाहीत. ती पलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये भजनाला बसलेली! घरातली चार माणसे गमावलेले एक म्हातारे गृहस्थ तेलाच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरीत. मला संताप आला. मी म्हणालो, "बाबा, हक्काचं बोलायचं सोडून हे काय मांडलंय?"

ते म्हणाले, "लेकरा, दिवसभर कुणी कुणाशी बोलत न्हाई. हितं निदान तोंड तरी उघडतंय."

आम्हा कामगार चळवळीतल्यांना गाण्याचे बळ ठाऊक नव्हते असे नाही. अण्णाभाऊ साठे, अमरशेख व गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले होते, हे मी नवख्या हमालांना अभिमानाने सांगत असे. पण गाणे लढ्यासाठी, एवढेच मी शिकलो होतो. रडण्यासाठीही ते लागते, हे त्या डब्यावरच्या ठेक्याने मला शिकविले. मग मी सभा भजनानंतर ठेवू लागलो. याद्या भराभर झाल्या. गळा मोकळा झालेला माणूस गेलेल्यांची नावे उच्चारू शके. पुढे हमालांनी वर्गणी काढून पखवाज आणि टाळ धाडले. खजिनदाराने तो खर्च 'औषधपाणी' या सदरात घातला व मी सही केली.

भजनाने सर्वांचे भागले असे मात्र मी म्हणणार नाही. बायका त्या शेडमध्ये फारशा येत नसत. जात्यावर मन मोकळे करण्याची त्यांची जुनी जागा पिठाच्या गिरणीने आधीच काढून घेतली होती. झोप उडालेल्यांना वैद्यकाची गरज होती. भूकंपग्रस्तांच्या मनःस्थितीचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेतर्फे झाला; त्याची धुरा डॉ. मोहन आगाशे यांच्याकडे होती, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ आणि रंगभूमीवरचा नट अशा एकाच माणसाकडे. पोरक्या मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाने नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभारले. सेवा दलाची शिस्त कवायतीची, लेझमीची, समूहगीतांची. हात-पाय एका तालात हलू लागले की मूल शेजारच्या मुलाकडे पाहू लागते, हे कोणत्याही शाखेवर दिसते.

घरे बांधून झाली. ५२ गावे नव्या जागी नेली. भूमिहीन व हेक्टरभरापर्यंत जमीन असलेल्यास २५० चौरस फुटांचे घर, सात हेक्टरांपर्यंत ४०० आणि त्यावर ७५०. ज्याची जमीन गेली नव्हती त्यालाच मोठे घर, हा हिशेब मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. रस्ते सरळ आखले, गावाचा पसारा वाढला. जुन्या गल्लीत हाकेसरशी जमणारी मंडळी आता चार टोकांना गेली. आमचा पखवाज २५० फुटांच्या एका घरात खुंटीला टांगलेला मी पाहिला. तेथे दहा माणसे मांडी घालून बसू शकत नव्हती. म्हणून एकादशीला ती पाण्याच्या टाकीखाली बसत. सभामंडपासाठी गावाने पुढे स्वतःच वर्गणी काढली. पहिली पावती त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या नावे फाटली.